शिकतेय अजून

कुर्ता फाटला नाही, एवढंच झालं. मृणालिनीबाई सकाळी दूध आणि कोथिंबीर घेऊन इमारतीच्या फाटकातून आत शिरत होत्या, तर फाटकाच्या मोडक्या कडीत कुर्त्याचा बाजूचा कट अडकला. त्यांना कळलं तोवर त्या दोन पावलं पुढे गेल्या होत्या. कापड ताणलं, अंगाला मागे हिसका बसला, आणि आता तो आवाज येणार म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. जिचा जन्म कापडात गेला तिला फाटण्याचा आवाज फाटायच्या आधी ऐकू येतो. पण आवाज आला नाही. त्यांनी कट कडीतून सोडवला, अंगठ्यानं चाचपून पाहिला आणि दुधाची पिशवी उन्हात तशीच धरून त्या तिथं उभ्या राहिल्या. दादरच्या फुटपाथला लागून असलेल्या दुकानातला कुर्ता. दोन घेतले म्हणून घासाघीस करून वर पन्नास रुपये सोडवून घेतलेले. असला कुर्ता फाटायला हवा होता. तीन धुण्यांत त्याचा रंग जातो, पाचव्यात शिवण सुटते, मग तो लादी पुसायला निघतो. हे धरून चालूनच माणूस तो विकत घेतो. या कुर्त्यानं ते मानलं नव्हतं.

वर येऊन त्यांनी तो बदलला, उलटा केला आणि चष्मा लावून खिडकीशी बसल्या. सून ऑफिसला निघाली होती. "आई, अहो इतकं काय बघताय त्यात?" सुरुची चपलेत पाय सरकवत म्हणाली. "मी म्हटलं होतं ना, असले कुर्ते घेऊ नका. कुठल्यातरी कोंदट खोलीत बायकांना डांबून शिवून घेतात ते." सुरुचीचे स्वतःचे कपडे काळा घोड्याच्या एका दुकानातून येत. प्रत्येकाबरोबर विणणाऱ्याचं नाव छापलेलं एक कार्ड असे आणि सुरुची ती कार्डं जपून ठेवी. एरवी मृणालिनीबाईंना त्याचं हसू आलं असतं. आज त्या नुसतं "हं" म्हणाल्या. कटाच्या टोकाशी, आतल्या अंगाला, नखाएवढी एक त्रिकोणी ठिगळी होती. तिरक्या कापडाची, तिन्ही कडा दुमडलेली, आणि टोकाला दोन आखूड टाके, चोचीसारखे, डावीकडे झुकलेले. दार लागल्याचा आवाज झाला. सुरुची गेली. मृणालिनीबाईंनी दुसरा कट उलटा केला. तिथंही होती. चिमणी.

चिमणी हे नाव वर्गातल्या मुलींनी ठेवलं होतं. वर्ग याच खोलीत भरत असे, गिरगावातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत. सहा मशिनं, एक कापायचं टेबल, आणि भिंतीवर बाह्यांचे नि गळ्यांचे खाकी कागदी नमुने, वाऱ्यानं सळसळणारे. खोताच्या वाडीतल्या एका बाईंचा कट तीनदा फाटून परत आला, तेव्हा चिडून मृणालिनीबाईंनी हे ठिगळ शोधून काढलं होतं. दुसऱ्या कुठल्या वर्गात ते शिकवत नसत. त्याला एक मिनिट जादा लागतं आणि बाहेरून ते दिसत नाही, मग कोण कशाला करील? शंभर मुलींना त्यांनी ते शिकवलं, त्यातल्या नव्वद जणींनी वर्ग सुटताच सोडून दिलं असेल. आणि चोच सगळ्यांची उजवीकडे झुके. एकीचीच डावीकडे, कारण ती डावरी होती. वरळीच्या बीडीडी चाळीतून येणारी, वेणी पुढे टाकून बसणारी, कात्री उलटी धरणारी संघमित्रा.

चोवीस वर्षं झाली असतील. मृणालिनीबाईंनी ते नाव मनात म्हटलं, आणि जिभेवर आधी आली ती जुनी तक्रार: सांगून गेली नाही. हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याला आता कडा उरल्या नव्हत्या. एवढं शिकवलं, पोटच्या मुलीसारखं वागवलं, आणि एका सोमवारी आलीच नाही. आता उलट्या कुर्त्याकडे बघताना त्या वाक्याच्या मागे आणखी काही दिसायला लागलं. सहा महिन्यांचा कोर्स संपला तरी संघमित्रा येत राहिली, पुढली दोन वर्षं. हात असा की मृणालिनीबाईंनाही हेवा वाटावा. गिऱ्हाइकांची पोलकी, फ्रॉक, लग्नसराईत तर रात्री आठपर्यंत. बॉबिन भरायला उठायची तेवढीच काय ती पाठ सरळ. तिला जेवायला वाढत, सणाला कापड देत. तिचा कप वेगळा नव्हता. हे मृणालिनीबाईंनी स्वतःला अनेकदा बजावलं होतं, आणि ते बजावावं का लागतं हा प्रश्न दरवेळी वळचणीला ठेवून दिला होता. एकदा दाढी करता करता रमाकांत आरशातून म्हणाले होते, "मृणाल, तिला काहीतरी देत जा. निम्मं काम ती ओढते." तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "शिकतेय अजून ती. शिकवणीची फी घेत नाही, ते काय थोडं आहे?" रमाकांत गोदीच्या कचेरीत हेडक्लार्क होते, घरात दोनदा बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पातं धुतलं आणि ते बोलणं तिथंच संपलं. आता रमाकांत नव्हते, मशिनं विकून बारा वर्षं झाली होती, आणि मनगट मोडल्यापासून निऱ्या जमेनात म्हणून त्यांनी साडीही सोडली होती. तयार कपड्यांनी आपला धंदा खाल्ला असं जन्मभर म्हणत आलेली बाई आता तेच तयार कपडे अंगात घालत होती, आणि त्यातल्या एकात संघमित्रा होती.

पुढचे तीन-चार दिवस ती त्यांच्याबरोबर राहिली. भाजी निवडताना, टीव्हीसमोर, दुपारी पंख्याखाली पडल्यावर. कुठल्यातरी अंधाऱ्या गाळ्यात मान मोडून बसलेली, केस पिकलेले, डोळे बारीक झालेले, नगावर राबणारी. आणि त्या घाईतही आपल्या बाईंची चिमणी न विसरणारी. हे चित्र इतकं करुण होतं की मृणालिनीबाईंना त्यात एक प्रकारचं सुख लागायला लागलं. कुणीतरी आपल्याला विसरलं नाही. एका मिनिटाचं तिचं नुकसान म्हणजे जणू आपल्याला केलेला नमस्कार. मग एका दुपारी, अर्धवट झोपेत, त्यांना तो कागद आठवला आणि त्या उठून बसल्या. शेवटच्या शुक्रवारी सगळ्या मुली गेल्यावर संघमित्रा दाराशी थांबली होती. म्हणाली, "बाई, मशीन घ्यायला बँकेत अर्ज करायचाय. मी तुमच्याकडे काम करते, असं एक कागदावर लिहून द्याल?" मृणालिनीबाई टेबलावरची कातरणं गोळा करत होत्या. त्यांनी वरही पाहिलं नव्हतं. "काम? अगं, तू शिकतेस माझ्याकडे." एवढंच. रागानं नाही, हसूनच. संघमित्रा म्हणाली, "बरं, बाई." आणि सोमवारी आली नाही. म्हणजे सांगून गेली होती. त्या दोन शब्दांत सांगून गेली होती.

दुसरा कुर्ता अजून कोरा होता, त्याचं पुठ्ठ्याचं लेबल तसंच होतं. 'क्षितिजा क्रिएशन्स', आणि बारीक अक्षरांत लालबागच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटचा गाळा नंबर. मृणालिनीबाईंनी करंजीसारख्या शिंगड्या केल्या. दुखऱ्या हातानं लाटायला दोन दिवस लागले. आपल्या पाठारे प्रभू घरातल्या शिंगड्या संघमित्राला फार आवडायच्या, हे त्यांना आठवत होतं, की तसं त्यांनी ठरवलं होतं, कुणास ठाऊक. डबा पिशवीत घालून, तोच कुर्ता अंगावर चढवून त्या टॅक्सीत बसल्या. लालबागला उतरल्याबरोबर ठसका लागला. मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कांडायचे दिवस होते. तिखटाचा लाल धूर हवेत उभा होता आणि येणाराजाणारा जो तो डोळे पुसत होता. त्यांनीही पुसले. बरं वाटलं, रडायला आधीच निमित्त मिळाल्यासारखं. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं. तू इथून नीघ, असं म्हणायचं होतं. माझ्याकडे ये, घरी बसून चार बायकांची पोलकी शिव, मी गिऱ्हाइकं देते. गिऱ्हाइकं कुठली द्यायची याचा त्यांनी विचार केला नव्हता.

लिफ्ट मालाची होती, माणसांना बंद. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्या तीनदा थांबल्या. गाळ्याचं दार उघडं होतं. नव्या कापडाच्या खळीचा आणि तापलेल्या मशीनच्या तेलाचा वास आला; हा त्यांच्या पुढच्या खोलीचा वास होता. आत अंधार नव्हता. दोन रांगांत आठ मशिनं, वर पांढऱ्या नळ्या, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि ताजा हार. आठ बायका शिवत होत्या. मृणालिनीबाई एकेक चेहरा शोधत गेल्या. पिकलेल्या केसांची एक होती, पण ती नव्हे. तेवढ्यात पलीकडच्या टेबलापाशी कुणाला तरी फोनवर झापणारा आवाज थांबला.

"बाई?"

गळ्यात टेप, चष्मा डोक्यावर सरकवलेला, केस खांद्यापर्यंत कापलेले. अंगानं भरलेली, पाठ ताठ. फोन तसाच टेबलावर टाकून ती आली. पाया पडली नाही, पूर्वीही पडत नसे. तिनं मृणालिनीबाईंचे दोन्ही हात हातांत घेतले. "बाई, तुम्ही? इतके जिने चढून? मनू, खुर्ची दे. पंखा फिरव इकडं. अहो, हात किती गार पडलेत तुमचे."

"तू... तू इथं असतेस?"

"माझाच आहे ना गाळा. भाड्याचा, पण माझा. क्षितिजा माझी मुलगी, बारावीला आहे." ती हसली, आणि मग तिची नजर कुर्त्यावर गेली. "अय्या! आमचाच माल!"

मृणालिनीबाई खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या. टॅक्सीत बसवून आणलेली ती मान मोडलेली, डोळे गेलेली संघमित्रा कुठं ठेवावी ते त्यांना कळेना. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्याबरोबर एक बारीक निराशा, आणि त्या निराशेची लाज. आपण हिला वाचवायला आलो होतो. हिला वाचवायची गरज नाही याचं आपल्याला वाईट वाटतंय. त्यांनी घाईघाईनं डबा काढला. शिंगड्या मशिनांवरून फिरल्या. बायकांनी हात पुसून एकेक उचलली, आणि पिकलेल्या केसांची ती, गंगुबाई, तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "कोण म्हनायच्या ह्या?"

"माझ्या बाई. ज्यांनी मला शिवण शिकवलं."

"म्हंजे चिमनी तुमची होय!" गंगुबाईनं कपाळावर हात मारला. सगळ्या हसल्या. "जीव खाल्लाय हो आमचा त्या चिमनीनं. दिसत नाय भाईर, आन् केल्याबिगर ही सोडत नाय."

"सोडत नाय म्हणजे?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"दुकानदार मागत नाही चिमणी," संघमित्रा म्हणाली. "त्याला साधा कट चालतो. पण माझ्या गाळ्यातून कट फाटणारा कुर्ता जाणार नाही. ते माझं ठरलेलं आहे."

"आणि तो त्याचे वेगळे देतो?"

"तो कशाला देईल?"

"मग तू देतेस?"

संघमित्रानं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, कोपऱ्यातल्या मशीनशी जाऊन एक कुर्ता उचलला, कट तपासला आणि परत ठेवला. तिथं मनू बसली होती, विशी-एकविशीची, वेणी पुढे टाकलेली. मृणालिनीबाई उठून तिच्यापाशी गेल्या. मनू उजव्या हातानंच ठिगळ लावत होती, पण चोच डावीकडे झुकवून, शिकवली तशी. अंगठा हळुवार फिरत होता. ज्या हातानं त्यांना फाटकात सावरलं होतं तो हा असावा. "छान आहे गं हात," त्या म्हणाल्या. "किती दिवस झाले?"

"सात महिने," मनू म्हणाली, आणि संघमित्राकडे पाहिलं.

"हिला काय मिळतं?"

"येण्याजाण्याचं देते. चहा, दुपारचं जेवण माझ्या डब्यातलं." संघमित्राचा आवाज अगदी सरळ होता. "शिकतेय अजून ती."

मृणालिनीबाईंनी मशीनच्या कडेला हात टेकला. कुणीतरी आपल्या घशातून बोललं असं त्यांना वाटलं. तोच हेल, 'अजून'वर तोच किंचित प्रेमळ जोर. समोरच्या बाईनं टोमणा मारला नव्हता. तिच्या ते लक्षातही नव्हतं. ती ते अगदी मनापासून म्हणाली होती, जसं आपण म्हणालो होतो. आपणही लबाडी केली नव्हती. आपल्याला खरंच वाटलं होतं की आपण देतोय. केवढं शिकवलं मी या पोरीला, त्यांच्या मनात आलं. गळा, बाही, चिमणी, आणि हेही. हे तर न शिकवता शिकली. चिमणी म्हणजे आपल्याला केलेला नमस्कार असं आपण समजत होतो, आणि तो नमस्कार मनूच्या पाठीतून येत होता. आणि आपण दादरला उभं राहून दोन कुर्त्यांमागे सोडवून घेतलेले पन्नास रुपयेही बहुधा तिथूनच. दुकानदारानं ते आपल्या गल्ल्यातून थोडेच दिले असणार.

"काढून टाक ती चिमणी," त्या म्हणाल्या.

"काय?"

"नाहीतर त्याचे दे मुलींना. दोन्हीतलं एक कर. चिमणी माझी आहे ना, मग मी सांगते. फाटू दे कुर्ते. आम्ही घेणारे त्याच लायकीचे आहोत."

दोन-तीन मशिनं थांबली. गंगुबाईनं शिंगडीचा उरलेला तुकडा तोंडात टाकायचा सोडून हातातच धरला. संघमित्रानं चष्मा पुन्हा डोक्यावर सरकवला. मग म्हणाली, "बाई, दुकानदाराला मी आठ आणे जास्त मागितले ना, तर तो उद्या भिवंडीला जाईल. तिथं याच्या निम्म्यात शिवून देतात. मग या आठ जणी काय करतील? दर महिन्याला गाळ्याचं भाडं भरताना माझ्या पोटात गोळा येतो. त्या सगळ्या मालात चिमणी तेवढी माझी आहे. बाकी माप त्याचं, कापड त्याचं, भाव त्याचा. ती पण काढू?"

"ती तुझी नाही गं," मृणालिनीबाई हळूच म्हणाल्या. "हिची आहे." त्यांचा हात मनूच्या खांद्यावर होता. मनू खाली बघत होती आणि तिचा कान लाल झाला होता.

"मी येऊन बसू का दुपारची?" त्यांनी विचारलं. "मनगट धड नाही, पण मुलींना हात लावून दाखवता येईल मला."

संघमित्रा हसली, आणि त्या हसण्यात प्रथमच जुनी, दाराशी थांबलेली मुलगी दिसली. "नको, बाई. तुम्ही शिकवलंत की चांगलं शिवतील. चांगलं शिवायला वेळ लागतो."

जिना उतरताना तिनं मृणालिनीबाईंचा दंड धरला होता. एकेक पायरी, दोघी मिळून. खाली मिरचीचा धूर अजून तसाच होता. संघमित्रानं आपली ओढणी त्यांच्या नाकाशी धरली आणि स्वतः खोकत चालत राहिली. बसस्टॉपवर सावलीला एकच बाक होता, तिथं तिनं त्यांना बसवलं आणि दंड न सोडता शेजारी बसली. वर गाळ्यात फोन वाजत असणार, पण ती गेली नाही. समोरून ट्रक गेला, मग शाळेची गाडी. ती म्हणाली, "मनूचं बघते एक तारखेपासून. बाकीच्यांसारखं नगावर धरते तिला. चिमणीचं काय करायचं ते अजून कळत नाही, पण तिचं बघते."

मृणालिनीबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही आलात म्हणून नाही हां," संघमित्रा म्हणाली. "गंगुबाई महिनाभर टोचतेय त्यावरून. आज तुमच्यासमोर बोलले ते, आणि माझं मलाच ऐकू आलं."

म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. मनातलं आता बोललो नाही तर पुन्हा जिना चढून येणं होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. गुडघे तसे उरले नव्हते. शंभर मुलींसमोर फळ्यावर आकृत्या काढून बोललेली बाई, तिला एक वाक्य जुळेना. शेवटी त्या रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "संघमित्रा, मी तुला दोन वर्षं फुकट राबवलं. आणि कागद मागितलास, तर तोही दिला नाही."

त्या थांबल्या. आता ती म्हणेल, असू दे बाई. जुनं झालं. तुम्ही शिकवलंत म्हणून तर आज मी उभी आहे. लोक असंच म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला तर म्हणतातच. त्यांनी ते ऐकायला मान किंचित वाकवलीसुद्धा होती.

"हो," संघमित्रा म्हणाली.

एवढंच. आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. चोवीस वर्षांत त्या गोष्टीला कुणी पहिल्यांदाच नुसतं हो म्हटलं होतं. मृणालिनीबाईंना वाटलं होतं की आपल्याला हे सोसणार नाही. पण श्वास येत होता, जात होता. दंडावरचा हात मघाशी होता तिथंच होता, उन्हानं थोडा घामेजलेला, सुईनं खरबरीत झालेला. त्यांनी आपला मोडका हात त्यावर ठेवला. तिनं काढून घेतला नाही.

गिरगावची बस आली, दार उघडून जराशी थांबली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही. ड्रायव्हरनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि बस पुढे काढली.